विश्लेषण : अरबी समुद्रातील प्लवकांचे ‘वेळापत्रक’ काय आहे? ते बिघडले तर मासळीचे काय होणार?

नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात आणि थोड्याच दिवसांत बाजारात बांगडे, तारल्या, कोळंबी दिसू लागते. ही मासळी ज्यावर पोसते ते अन्न मात्र डोळ्यांना क्वचितच दिसते. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजेच प्लवक, हा समुद्रातील अन्नसाखळीचा पाया आहे. हे प्लवक समुद्रात सगळीकडे आणि वर्षभर सारखे नसतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांचे ठरावीक हंगाम आणि ठरावीक प्रदेश आहेत. गेल्या काही दशकांत या ऋतुचक्रात बदल होत असल्याची चिन्हे दिसत आहेत. हे चक्र नेमके कसे चालते आणि त्याचा मासेमारीशी काय संबंध आहे, याविषयी…

प्लवक म्हणजे नेमके काय?

प्रवाहाविरुद्ध पोहून जाण्याची ताकद नसलेले, पाण्याबरोबर वाहत राहणारे जीव म्हणजे प्लवक. त्यांची व्याख्या आकारावर अवलंबून नाही. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा एकपेशीय जीवही प्लवक आणि हातभर मोठा जेलीफिशही प्लवकच. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये या जीवांसाठी ‘प्लँक्टन’ हा शब्द वापरला. ‘भटकणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो आला आहे.

प्लवकांचे दोन मुख्य गट आहेत. पहिला वनस्पती प्लवकांचा. हे सूर्यप्रकाशाच्या मदतीने स्वतःचे अन्न तयार करतात. डायटम हा त्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रकार. काचेसारख्या सिलिकाच्या, झाकण लावलेल्या डबीसारख्या कवचात ही पेशी राहते; म्हणूनच मराठीत डायटमना ‘करंडक वनस्पती’ असे नाव आहे. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून जेवढे अन्न तयार होते, त्यातील जवळपास निम्मा वाटा समुद्रातील वनस्पती प्लवकांचा आहे.

दुसरा गट प्राणी प्लवकांचा. हे वनस्पती प्लवक किंवा एकमेकांना खाऊन जगतात. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असणारे कोपेपॉड हे कवचधारी जीव त्यात संख्येने सर्वाधिक. याशिवाय मासे, कोळंबी, खेकडे आणि कालवे यांची अंडी व पिल्लेही सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे प्लवक म्हणूनच जगतात. ताटात येणारी बहुतेक मासळी आयुष्याच्या पहिल्या टप्प्यात प्लवक असते आणि पुढे प्लवकांवर, किंवा प्लवक खाणाऱ्यांवर वाढते.

ते सगळीकडे सारखे का नसतात?

शेतातील पिकाला जसे ऊन आणि खत दोन्ही लागते, तसेच वनस्पती प्लवकांचे आहे. उष्ण कटिबंधातील समुद्रात उन्हाची कमतरता नाही. अडचण खताची आहे. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट ही पोषकद्रव्ये वरच्या थरातील प्लवक वापरून टाकतात. ते मेल्यावर त्यांचे अवशेष खाली बुडतात आणि कुजून त्यातील पोषकद्रव्ये खोल पाण्यात साठतात. म्हणजे ऊन वर आणि खत खाली, अशी समुद्राची रचना होते.

वरचे पाणी गरम आणि हलके, खालचे थंड आणि जड असल्याने हे थर सहसा एकमेकांत मिसळत नाहीत. ते मिसळण्यासाठी काही तरी बाहेरचे बळ लागते. वारा, थंडी, प्रवाह, भरती-ओहोटी किंवा वादळ यांपैकी काही तरी खालचे पाणी वर आणते, तेव्हाच प्लवकांचे पीक येते. अनुकूल परिस्थितीत डायटमची संख्या एका दिवसात दुप्पट होऊ शकते. त्यामुळे आठवड्याभरात समुद्राच्या पाण्याचा रंग बदललेला दिसतो. याला ‘ब्लूम’ म्हणजे प्लवकांचा बहर म्हणतात.

अरबी समुद्र याबाबतीत जगावेगळा आहे. येथे वर्षातून दोनदा वाऱ्याची दिशा उलटते. त्यामुळे प्लवकांचेही दोन मोठे हंगाम होतात. आणि हे दोन हंगाम दोन वेगवेगळ्या भागांत, दोन वेगवेगळ्या कारणांनी येतात.

पावसाळ्यात दक्षिणेकडे काय घडते?

पहिला हंगाम नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत वाऱ्याचा काही जोर किनाऱ्याला समांतर, दक्षिणेच्या दिशेने असतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे ढकलले जाते. येथे उजवीकडे म्हणजे किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे. किनाऱ्यापासून पाणी हटले की त्याची जागा घ्यायला खालचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. या क्रियेला ‘अपवेलिंग’ म्हणतात.

ही क्रिया साधारण मे-जूनच्या सुमारास कन्याकुमारीच्या टोकाकडून सुरू होते आणि केरळ, कर्नाटक असा प्रवास करत उत्तरेकडे सरकते. जुलै-ऑगस्टपर्यंत ती गोव्याच्या आसपास पोहोचते. त्यापुढे, उत्तर कोकणाकडे, तिचा जोर कमी होत जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तिचा प्रभाव टिकतो. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर हीच क्रिया याच काळात कितीतरी अधिक तीव्र असते.

खालचे पाणी वर आल्यावर आधी डायटम वाढतात, मग त्यांच्यावर ताव मारणारे कोपेपॉड आणि त्यानंतर तारली, बांगडा यांसारखे थव्याने फिरणारे मासे. तारलीचा विणीचा मुख्य काळही पावसाळ्यातच येतो. पिल्ले अंड्यातून बाहेर पडतात तेव्हा त्यांच्यासाठी अन्न तयार असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. खवळलेल्या समुद्रात जीवितहानी टाळणे हा तिचा एक हेतू आणि विणीच्या काळात माशांना उसंत देणे हा दुसरा.

गोवा आणि दक्षिण कोकणात आणखी एक गुंतागुंत होते. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस नद्यांमधून समुद्रात येतो. या गोड्या पाण्याचा काही मीटर जाडीचा हलका थर वर पसरतो आणि खालून आलेले थंड पाणी त्याखाली अडकते. वरून समुद्र कोमट वाटतो, पण थोड्याच खोलीवर पाणी थंड आणि प्राणवायू कमी असलेले असते. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

हिवाळ्यात उत्तरेकडे काय घडते?

दुसरा हंगाम डिसेंबर ते मार्चमधला आणि त्याचा प्रदेश उत्तर अरबी समुद्र. साधारण १५ अंश उत्तर अक्षांशाच्या, म्हणजे गोव्याच्या वरचा भाग. या काळात ईशान्येकडून, जमिनीवरून कोरडे आणि थंड वारे समुद्राकडे वाहतात. त्यामुळे पृष्ठभागाच्या पाण्याचे बाष्पीभवन वाढते. पाणी थंड आणि अधिक खारट, म्हणजेच जड होते आणि खाली बुडू लागते. त्याची जागा घेण्यासाठी खालचे पाणी वर येते.

उन्हाळ्यात २०-३० मीटर जाडीचा असणारा वरचा मिश्र थर या घुसळणीमुळे हिवाळ्यात १०० मीटर किंवा त्याहून खोल जातो. त्याबरोबर नायट्रेट वर येते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, वारा मंदावून ऊन वाढू लागते तेव्हा, प्लवकांचा बहर येतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ही क्रिया उलगडून दाखवली. उष्ण कटिबंधातील समुद्रात थंडीमुळे बहर येणे ही तेव्हा अनपेक्षित बाब होती.

थोडक्यात, केरळ ते गोवा या पट्ट्याला पावसाळा पोसतो, तर गुजरातपासून खोल समुद्रापर्यंतच्या उत्तर भागाला हिवाळा. महाराष्ट्राचा किनारा या दोन प्रदेशांच्या सीमेवर येतो.

उरलेल्या महिन्यांत समुद्र उपाशी असतो का?

एप्रिल-मेमध्ये वारा पडलेला असतो, पाणी तापलेले असते आणि वरच्या थरात खत जवळजवळ संपलेले असते. डायटमसाठी हा दुष्काळ. पण काही जीवांना हाच काळ मानवतो. ट्रायकोडेस्मियम हा सायनोबॅक्टेरिया त्यातला एक. हवेतून पाण्यात विरघळलेला नायट्रोजन तो थेट वापरू शकतो; शेतात डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरील जिवाणू करतात तसेच. फेब्रुवारी ते मे या काळात गोवा आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यासमोर शांत पाण्यावर त्याचे पिवळसर तपकिरी पट्टे दिसतात. लाकडाचा भुसा सांडल्यासारखा तवंग असल्याने खलाशी त्याला ‘समुद्री भुसा’ म्हणत आले आहेत.

प्राणी प्लवकांचे गणित याहून चकवणारे आहे. वनस्पती प्लवक हंगामानुसार इतके कमी-जास्त होत असतील, तर त्यांच्यावर जगणारे प्राणी प्लवकही तसेच कमी-जास्त व्हायला हवेत. मात्र खुल्या अरबी समुद्रातून गोळा केलेल्या नमुन्यांमध्ये वरच्या थरातील प्राणी प्लवकांचे वजन वर्षभर आणि वेगवेगळ्या भागांत फारसे बदलत नसल्याचे मधुप्रताप यांच्याच गटाने १९९६ मध्ये दाखवले. याला ‘अरबी समुद्राचे कोडे’ म्हटले जाते.

त्याचे एक स्पष्टीकरण असे : दुष्काळाच्या महिन्यांत पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ जिवाणू खातात, जिवाणूंना अतिसूक्ष्म एकपेशीय जीव खातात आणि त्यांना प्राणी प्लवक. म्हणजे सुगीतले उरलेले अन्न वेगळ्या वाटेने पुन्हा वापरात येते. याशिवाय अनेक प्राणी प्लवक दिवसा खोल, अंधाऱ्या पाण्यात राहतात आणि रात्री चरायला वर येतात. नमुना कोणत्या वेळी आणि किती खोलीवरून घेतला यावरही मोजणी अवलंबून असते. हे निष्कर्ष खुल्या समुद्रासाठी आहेत. किनाऱ्यालगत आणि खाड्यांमध्ये हंगामी फरक मोठे असतात.

मुंबईसमोरचा समुद्र गढूळ, मग तेथे मासळी कशी?

पालघर, मुंबई, रायगडच्या किनाऱ्याचे चित्र वेगळे आहे. येथे भरती-ओहोटीतील फरक मोठा असतो. उधाणाच्या दिवशी मुंबईत तो चार मीटरहून अधिक होतो आणि खंबातच्या आखातात त्याच्या दुपटीहून जास्त. केरळच्या किनाऱ्यावर हाच फरक जेमतेम मीटरभर असतो. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होत असल्याने तळाचा गाळ सतत ढवळला जातो. पोषकद्रव्ये भरपूर असतात, पण गढूळ पाण्यात ऊन फार खोल जात नाही. म्हणजे येथे अडचण खताची नव्हे, तर उन्हाची.

अशा पाण्यात अन्नसाखळीचा मोठा भाग ताज्या वनस्पती प्लवकांऐवजी खाड्या आणि कांदळवनांतून वाहून येणाऱ्या कुजक्या पाल्यापाचोळ्यावर चालतो. त्यावर जगणारा जवळा हा याच किनाऱ्याचा खास जीव. लहान कोळंबीसारखा दिसणारा हा जीव फारसे पोहत नाही, भरतीच्या ओढीबरोबर वाहतो. म्हणूनच ओढीच्या तोंडाशी रोवलेल्या डोल जाळ्यात तो सापडतो. सुका जवळा हा कोकणातल्या घराघरांत पावसाळ्यासाठी साठवला जाणारा जिन्नस खरे तर प्लवकांच्याच जातकुळीतला आहे.

हाच जवळा बोंबलाचे मुख्य खाद्य आहे. बोंबील भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मुख्यतः गुजरात आणि उत्तर महाराष्ट्रातच विपुल सापडतो. दक्षिणेकडे तो जवळजवळ दिसेनासा होतो. तारली-बांगड्याची मुख्य भूमी त्याउलट दक्षिणेची. पाण्याचे तापमान, क्षारता, तळाचा प्रकार अशी इतरही कारणे त्यामागे आहेत. तरीही पाण्यात खायला काय तरंगते आहे, हे त्यातील एक मोठे कारण आहे. सातपाटीच्या आणि मालवणच्या मासळी बाजारांतील फरक काही प्रमाणात तेथूनच सुरू होतो.

तारलीच्या चढउतारांतून काय कळते?

प्लवक आणि मासळी यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते तारलीमध्ये. हा मासा थेट प्लवक गाळून खातो. फ्रॅजिलेरिया ओशियानिका हा डायटम पाण्यात विपुल असेल, तर तारलीही विपुल मिळते, असे भारतीय संशोधकांनी १९५५ मध्येच नोंदवले होते. मधला दुवा नसल्याने प्लवकांच्या हंगामातील गडबड तारलीच्या उत्पादनात लगेच उमटते.

केरळमध्ये २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली होती. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये हा आकडा अवघ्या ३,२९७ टनांवर आला. त्यानंतर उत्पादन पुन्हा सावरले. तारलीत असे चढउतार शतकभरापासून नोंदले गेले आहेत. त्यामागे केवळ प्लवक नाहीत. लहान मासळीची बेसुमार पकड, पाऊस, समुद्राचे तापमान, एल निनोसारख्या घटना, सगळ्यांचा हात असतो. पण त्या वर्षांत किनाऱ्यावरच्या छोट्या होडीवाल्यांचे काय झाले असेल, याची कल्पना या दोन आकड्यांतून येते. ट्रॉलर खोल समुद्रात जाऊन दुसरी मासळी शोधू शकतो. रापण ओढणाऱ्याला किनाऱ्याशी येणाऱ्या थव्यांचीच वाट पाहावी लागते.

वेळापत्रक बिघडते आहे का?

तीन बदलांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष आहे.

पहिला, समुद्राचे तापणे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार पश्चिम हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंश सेल्सियसने तापला. वरचे पाणी जितके गरम, तितकी थरांची सरमिसळ अवघड आणि खत वर येणे कठीण. याच गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पती प्लवकांमध्ये सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे म्हटले होते. याउलट, २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने, आशिया खंड तापल्याने मोसमी वारे जोर धरत आहेत आणि अरबी समुद्राच्या पश्चिम भागात प्लवक वाढत आहेत, असे म्हटले होते. दोन्ही अभ्यासांचा कालखंड आणि पद्धत वेगळी आहे. त्यामुळे संपूर्ण समुद्राविषयी एकच ठोक विधान करता येत नाही.

दुसरा बदल प्लवकांच्या प्रकारातील. उत्तर अरबी समुद्रातील हिवाळी बहर पूर्वी प्रामुख्याने डायटमचा असे. या शतकाच्या सुरुवातीपासून त्याची जागा नॉक्टिलुका हा जीव घेऊ लागला. साध्या डोळ्यांनीही दिसू शकणाऱ्या या पेशीच्या पोटात हजारो हिरवे सूक्ष्म जीव राहतात. ते तिला अन्न तयार करून देतात आणि वर ती स्वतः डायटमही खाते. म्हणजे हा जीव एकाच वेळी वनस्पती आणि प्राणी अशा दोन्ही भूमिका बजावतो. मासे आणि कोपेपॉड त्याला फारसे खात नाहीत. खातात ते जेलीफिश आणि साल्प हे जेलीसारखे जीव. त्यामुळे पाण्यात प्लवक भरपूर, तरी माशांच्या वाट्याला अन्न कमी, अशी स्थिती होऊ शकते.

लाटेबरोबर रात्री चमकणारा निळा प्रकाश हीही बहुधा नॉक्टिलुकाचीच करामत. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर आणि कोकणात काही ठिकाणी हा निळा प्रकाश पाहायला गर्दी झाली होती. एखाद्या किनाऱ्यावर तो दिसला म्हणजे समुद्र बिघडलाच, असा अर्थ नाही. नॉक्टिलुका येथे पूर्वीही होता. प्रश्न त्याच्या बहराच्या वाढत्या व्याप्तीचा आहे.

तिसरा बदल प्राणवायूचा. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीवर जगातील सर्वांत दाट प्राणवायू-टंचाईच्या पट्ट्यांपैकी एक आहे. वरच्या प्लवकांचे अवशेष खाली कुजताना प्राणवायू संपतो, हे त्याचे मुख्य कारण. पावसाळ्यात अपवेलिंगमुळे असे कमी प्राणवायूचे पाणी किनाऱ्याकडे येते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की, गोव्यासमोरील उथळ समुद्रात पावसाळ्याच्या अखेरीस तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. किनाऱ्यावरून येणारी खते आणि सांडपाणी यामुळे ही स्थिती तीव्र होत असावी, असे त्यांचे म्हणणे होते. अशा वेळी तळाची मासळी तेथून निघून जाते किंवा मरते.

नॉक्टिलुकाच्या बहराचा प्राणवायूच्या टंचाईशी थेट संबंध आहे का, यावर मतभेद आहेत. २०१४ मधील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने तो संबंध जोडला. २०१८ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना पाण्यात पुरेसा प्राणवायू असतानाही असे बहर आढळले.

बंगालच्या उपसागरात असेच घडते का?

नाही. तेथेही मोसमी वारे असतात, पण गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, इरावदी अशा नद्या प्रचंड गोडे पाणी आणून टाकतात. हलक्या गोड्या पाण्याचे हे झाकण वाऱ्याला सहज फोडता येत नाही आणि खालचे खत वर येत नाही. त्यामुळे अरबी समुद्राच्या तुलनेत बंगालच्या उपसागरात प्लवकांचे उत्पादन कमी असते. तेथे नद्यांची मुखे आणि वादळांचे मार्ग हेच प्लवकांचे हंगामी पट्टे. चक्रीवादळ समुद्र घुसळून खालचे पाणी वर आणते आणि त्याच्या मार्गावर काही दिवस प्लवक वाढतात. अलीकडे चक्रीवादळांची संख्या वाढल्याने हा परिणाम अरबी समुद्रातही अधिक वेळा दिसू लागला आहे.

हे सगळे मोजतात कसे?

सर्वांत जुनी पद्धत म्हणजे बारीक विणीची शंकूच्या आकाराची जाळी जहाजामागे ओढणे आणि गोळा झालेले जीव सूक्ष्मदर्शकाखाली मोजणे. १९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत असे हजारो नमुने गोळा झाले. त्यांचे वर्गीकरण करण्यासाठी कोचीत केंद्र उभे राहिले. याच मोहिमेच्या पाठोपाठ १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली.

आता उपग्रह मदतीला आहेत. वनस्पती प्लवकांतील हरितद्रव्य पाण्याचा रंग बदलते आणि तो रंग अवकाशातून मोजता येतो. ‘इस्रो’ने त्यासाठी १९९९ मध्ये ओशनसॅट-१, २००९ मध्ये ओशनसॅट-२ आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ईओएस-०६ हा उपग्रह सोडला. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात, म्हणजे ‘इन्कॉइस’मध्ये, हरितद्रव्य आणि पृष्ठभागाचे तापमान एकत्र करून मासळी कोठे मिळण्याची शक्यता आहे याचा सल्ला तयार होतो. तो मच्छीमारांना त्यांच्या भाषेत आणि मोबाइलवर मिळतो. प्लवकांच्या बहराचीही माहिती हे केंद्र देते.

पण या व्यवस्थेत दोन मोठ्या फटी आहेत. एक, उपग्रहाला ढगांच्या आरपार पाण्याचा रंग दिसत नाही. म्हणजे किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा बहर ज्या जून ते सप्टेंबरमध्ये येतो, नेमक्या त्याच काळात आकाश झाकलेले असते. खवळलेल्या समुद्रात लहान संशोधन नौकाही जाऊ शकत नाहीत. दोन, मुंबई-पालघरसारख्या गढूळ पाण्यात गाळ आणि हरितद्रव्य यांचे रंग एकमेकांत मिसळतात आणि उपग्रहाचा अंदाज चुकतो. शिवाय उपग्रह प्लवक किती हे सांगतो. ते डायटम आहेत की नॉक्टिलुका, हे खात्रीने सांगण्यासाठी बहुतेक वेळा पाण्याचा नमुनाच लागतो. आणि माशांसाठी फरक तेथेच पडतो.

मग मच्छीमारांनी आणि धोरणकर्त्यांनी काय लक्षात घ्यावे?

पहिली बाब म्हणजे दीर्घकाळाच्या नोंदी. गोव्यात कांदोळीसमोर एकाच ठिकाणी १९९७ पासून सुरू झालेल्या मोजणीमुळेच किनाऱ्यावरील प्राणवायूचे हंगामी चक्र समजले. महाराष्ट्राच्या ७०० किलोमीटरहून लांब किनाऱ्यावर पाण्याचे स्वरूप डहाणू ते वेंगुर्ला या प्रवासात पूर्ण बदलते. तेथे अशा कायमस्वरूपी नोंदी अनेक ठिकाणी हव्यात. पावसाळ्यात काम करू शकणारी स्वयंचलित उपकरणे आणि तरंगते फ्लोट त्यासाठी वापरता येतात.

दुसरी बाब बंदीच्या काळाची. ६१ दिवसांची बंदी दिनदर्शिकेनुसार ठरते. प्लवकांचा बहर वारा आणि पाण्यानुसार. मोसमी वारे उशिरा आले, तर बहरही पुढे सरकतो आणि बंदी उठते तेव्हा पिल्ले अजून लहान असू शकतात. त्यामुळे बंदी संपल्यावरही लहान आकाराची मासळी न पकडण्याचा नियम आणि जाळ्याच्या आसाची मर्यादा पाळली जाणे महत्त्वाचे ठरते.

तिसरी बाब जमिनीवरची आहे. वारा आणि समुद्राचे तापमान कोणत्याही राज्याच्या हातात नाही. प्रक्रिया न करता खाड्यांमध्ये सोडले जाणारे सांडपाणी मात्र हातात आहे. त्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस हे समुद्रासाठी नको त्या वेळी, नको तेथे टाकलेले खत असते. त्यावर वाढणारे प्लवक बहुधा माशांच्या उपयोगाचे नसतात आणि ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवतात. कांदळवने आणि खाड्या शाबूत राहिल्या, तर जवळा आणि कोळंबीच्या पिल्लांना आसरा मिळतो.

राहिला प्रश्न ग्राहकांचा. एखाद्या वर्षी बांगडा स्वस्त आणि तारली गायब, किंवा बोंबील उशिरा, असे झाले की दोष मच्छीमारांना किंवा दलालांना दिला जातो. काही वेळा तो योग्यही असतो. पण अनेकदा त्या दराची सुरुवात काही महिने आधी, वारा किती आणि कोणत्या दिशेने वाहिला यातून झालेली असते.